रेघ आधी का मंग

माझे घरमालक पेपर उलटा धरत. त्यांचे डोळे अधू नव्हते आणि अक्षरओळखही पक्की होती. त्या तालुक्याच्या गावातल्या निम्म्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या होत्या. तरी रोज सकाळी अंगणातल्या खाटेवर बसून ते पेपर खालचा वर करून धरायचे आणि एकेका मथळ्यावरून सावकाश बोट फिरवायचे. राहायला गेल्याच्या पहिल्या सकाळी मला वाटलं, चुकून झालं असेल. मी म्हटलं, "भाऊ, पेपर उलटा आहे."

"माहीत हाये," ते म्हणाले. "सुलटा मघाशी वाचला. आता पाहून राह्यलो."

त्यांच्या हिशेबी वाचणं आणि पाहणं ही दोन वेगळी कामं होती आणि एकाच वेळी दोन्ही करता येत नव्हती. ते मूळचे अहेरीकडचे. ऐन उमेदीत गडचांदूरला सिमेंटच्या ट्रकांवर अक्षरं काढायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं आणि मग बायकोच्या गावी येऊन स्थिरावले. वर्षातून एकदा ते एसटीने सिरोंच्याला जात. तिथे ना नातेवाईक, ना काम. दिवसभर बाजारात फिरून तेलगू पाट्या बघायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. तेलगूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. "शिकून का नाही घेतलं?" असं मी विचारलं, तर ते दचकलेच.

"काऊन शिकू जी? वाचता येत नाई म्हनून तं दिसते. कशी गोल गोल हाये, कोनाच्या डोक्यावर तुरा हाये, कोनाच्या पोटात ठिपका हाये. मराठीचं तसं नाई ना. मराठी दिसाच्या आधीच वाचून होते. मंग दिसन कसं?"

गाव त्यांना पेंटरभाऊ म्हणायचं. मीही तेच म्हणू लागले. ते मला गार्डबाई म्हणायचे.

वनरक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक तिथे झाली. बी.ए. झाले होते, धावण्याची परीक्षा पास झाले होते आणि घर सोडून कधी राहिले नव्हते. मला पोचवायला बाबा आले होते. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. बाबा चौथीपर्यंत शिकले आणि मग आयुष्यभर मजुरी केली, पण घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली फळीवर पुस्तकं, ही जागा कधी हलली नाही. ते अजूनही बोट लावून, अक्षराला अक्षर जोडून वाचतात. जमिनीवर छापील कागद पडला असेल तर त्याला पाय लागू देत नाहीत, उचलून ठेवतात. अशा माणसाच्या लेकीला उलटा पेपर बघून काय वाटलं असेल, ते सांगायला नको. ज्या अक्षरांसाठी आमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, ती हा माणूस तंगड्या धरून उलटी करतो, असं माझ्या मनात आलं. मी बोलले नाही. भाडेकरू होते.

बाबांना मात्र घरमालक पेंटर आहेत याचाच आनंद झाला. निघताना ते म्हणाले, "भाऊ, पोरीच्या नावाची एक पाटी लिहून द्या जी. नावापुढे बी.ए. टाका. आमच्या खानदानात कोनाच्या नावाची पाटी नाई."

"पाह्यतो," पेंटरभाऊ म्हणाले.

त्यानंतर बाबा फोनवर दर वेळी विचारायचे, पाटी झाली का. मी पेंटरभाऊंना विचारायचे. ते म्हणायचे, "पाहून राह्यलो ना." सहा महिने गेले. माझं नाव चार अक्षरांचं आहे. चार अक्षरं बघायला माणसाला सहा महिने लागतात हे मी बाबांना कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यांच्या स्वतःच्या दाराला एक पाटी होती. पत्र्याचा निळा तुकडा आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी आडवी रेघ. शिरोरेषा फक्त. खाली काही नाही.

"नाव राहिलंय," मी एकदा म्हटलं.

"नाव सर्वायले माहीत हाये. रेघ तयार करून ठेवली. लिहाचं झालं तं लटकवून देऊ."

मी म्हटलं, आम्हाला शाळेत आधी अक्षरं काढायला शिकवलं आणि मग वरून रेघ. त्यावर ते म्हणाले, "गार्डबाई, कपडे वाळू घालताना दोरी आधी बांधता का कपडे आधी टांगता?" मी म्हटलं, घराच्या भिंती आधी उभ्या राहतात आणि छप्पर मग येतं. ते पुन्हा पत्र्याकडे वळले. दोन दिवसांनी मी ड्यूटीवर निघाले होते तेव्हा हातात ब्रश तसाच घेऊन दारात आले. "मांडवाचं पाह्यलं मी. खांब आधी गाडतेत, कपडा मंग. म्हंजे तुमच्या बाजूनं दोन झाले. पन दोरीचं उत्तर तुम्ही अजून नाई देल्लं."

ते थट्टा करत नव्हते. दोन दिवस खरंच तोच विचार चालला होता. अशा प्रश्नावर दोन दिवस घालवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे प्रश्न असायचे, पण ते परीक्षेचे. त्यांची उत्तरं पुस्तकाच्या मागे असायची.

हळूहळू मी त्यांचं काम बघायला बसू लागले. दुसरे पेंटर पांढऱ्या पत्र्यावर काळी अक्षरं काढतात. हे आधी सगळा पत्रा काळा करायचे, मग पांढरा रंग घेऊन अक्षराच्या भोवतीची आणि अक्षराच्या पोटातली जागा रंगवायचे. काळं आपोआप उरायचं, ते अक्षर. "आपन अक्षराचं काळं वाचतो," ते म्हणायचे, "पन ते उभं राह्यते पांढऱ्याच्या जिवावर. व चं पोट मोठं केलं तं व आळशी दिसते. लहान केलं तं उपाशी." त्यांची बायको, जिला मी काकी म्हणायचे, चुलीपाशी बसून ऐकायची. ती म्हणाली, "दिवसभर अक्षरायचे पोटं भरते हा मानूस. भाजी आनाची तेवढी आठवन राहत नाई त्याले."

"आनतो ना."

"काल बी हेच म्हनत होते."

फ्लेक्स आल्यापासून काम कमीच झालं होतं. त्याबद्दल ते कुरकुर करत नसत. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की फ्लेक्सवरचा 'क' सगळीकडे तोच असतो. मावशी भेटायला आली आणि दर वेळी तीच साडी, तेच हसू, तेच वाक्य, तर मावशीकडे कोण बघेल?

हे वाक्य मला पुढे जंगलातल्या एका पाटीपाशी आठवलं.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या राखणीतल्या जंगलपट्ट्यात, एक छोटं गाव होतं. गावाबाहेर जंगलात शिरणारी पायवाट एका जागी दोन वाटांत फुटायची. डावी वाट मोहाच्या झाडांकडे, उजवी नाल्याकडे. त्या दुफाट्यावर आमच्या खात्याची पाटी होती. 'सावधान. या परिसरात वाघाचा वावर आहे. जंगलात एकट्याने जाऊ नये.' साच्यातून मारलेली लाल अक्षरं. मी रुजू झाले त्याच वर्षी, मोहाच्या हंगामात, त्या पाटीपासून हाकेच्या अंतरावर गावातल्या पारबताबाईच्या जावेवर वाघाने हल्ला केला. सोबतच्या बायकांनी आरडाओरडा केला म्हणून ती वाचली. हात मात्र कायमचा गेला.

चौकशीत साहेबांनी मला पहिला प्रश्न विचारला, "पाटी होती का?" मी पाटीचा फोटो काढून आणला. तो फाइलला लागला. आमच्या बाजूने काम पूर्ण झालं.

पारबताबाई गावातल्या मोहफूल वेचणाऱ्या बायकांची पुढारी. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. घरी गोंडी बोलायची, माझ्याशी मराठी. मी फोटो काढत होते तेव्हा ती मागे उभी होती. म्हणाली, "पाटी तं होती ना बाई. मंग? पाटीले तो भेते का?"

तिथे वाघाचं नाव कोणी घेत नाही. 'तो' म्हणतात किंवा 'जनावर' म्हणतात. नाव पुरं घेतलं की त्याला हाक गेली, असं मानतात.

पुढच्या हंगामाला त्याच वाटेने, त्याच अंधुक पहाटे, त्याच बायका जाणार होत्या. मोह पहाटे पडतो. उन्हं चढली की गुरं आणि हरणं खाऊन टाकतात. जाऊ नका म्हणणं सोपं होतं, पण दोन महिन्यांच्या त्या वेचणीवर त्यांचं अर्धं वर्ष चालायचं. खात्याकडून एक फ्लेक्स आला. त्यावर वाघाचा मोठा फोटो होता. तो लावला आणि आठवड्याने गावात गेले तर पारबताबाईच्या अंगणात तो अंथरलेला, वर मूठभर मिरच्या वाळत घातलेल्या. मी बघत राहिले तसं ती म्हणाली, "कपडा चांगला हाये बाई. अजून एक मिळन का?"

मी घरी येऊन पेंटरभाऊंना हे सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायकलवर डबा बांधून माझ्यासोबत दुफाट्यावर आले आणि पाटीच्या समोर एका दगडावर बसून राहिले. पाटी त्यांनी बघितलीच नाही. पाटीवरून जाणारी माणसं बघितली. दुपारपर्यंत सतरा माणसं गेली. एकानेही मान वळवली नाही. त्यातले दोघे शाळामास्तर होते.

"मेली हे पाटी," ते म्हणाले. "वाचून वाचून मेली. मास्तरले ते पाठ झाली, आन बाईले ते वाचताच येत नाई. दोघायलेबी दिसत नाई."

नवी पाटी ते करतो म्हणाले. साहेबांना मी गळ घातली. साहेब नुकतेच बदलून आले होते, त्यांनी मान डोलावली. महिनाभर पेंटरभाऊंनी परसात कोणाला येऊ दिलं नाही. काकीने वाळवण घालायला जागा मागितली, तिलाही नाही.

जी पाटी बाहेर आली, तसं काही मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. सगळा पत्रा वाळल्या गवताच्या रंगाचा, त्यावर उभे काळे पट्टे. दुरून बघितलं तर नुसतं गवत. जवळ गेलं, थोडं डावीकडे सरकलं, की पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून एकदम शब्द उभा राहायचा. वाघ. एकदा दिसला की मग जायचा नाही. डोळे मिटून उघडले तरी तिथेच. 

"तो असाच दिसते ना?" पेंटरभाऊ हळूच म्हणाले. "आधी नसते. मंग असते."

पाटी लागली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमची चूक झाली आहे.

लोक येत होते. त्या गावातलेच नाहीत, धानोऱ्याच्या बाजाराला निघालेले लोक वाकडी वाट करून येत होते. पाटीसमोर उभे राहायचे, मागे सरकायचे, पुढे यायचे, एकमेकांना विचारायचे, "दिसला का? मले तं नाई दिसून राह्यला." कॉलेजची मुलं मोबाइलवर फोटो काढायची. दिवस मावळेपर्यंत दुफाट्यावर जत्रा. आणि तो दुफाटा म्हणजे वाघ नाल्यावर उतरतो ती नेमकी जागा. ज्या जागी माणसाने क्षणभर थांबू नये, तिथे आम्ही लोकांना उभं करून वाघ शोधायला लावला होता.

साहेब आले. तेही पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मला दिसला," तेव्हा त्यांना राग आला. पाटी त्याच दिवशी काढायचा हुकूम झाला. साच्याची जुनी पाटी पुन्हा लागली.

पारबताबाईचा राग वेगळाच होता. "त्याचं नाव असं रस्त्यावर पुरं लिहून ठेवाव का? रोजच्या रोज हाक मारल्यासारखं?"

पेंटरभाऊ उतरवलेल्या पाटीवरची धूळ पुसत होते. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, पण ते म्हणाले, "माह्यंच चुकलं. मले वाटलं मानसानं पाह्यलं पाह्यजे. पाहून का करावं, हे मी नाई पाह्यलं."

पाटी खांद्यावर घेऊन आम्ही गावाकडे परत निघालो. पारबताबाई पुढे होती. एका जागी वाटेला बारीक फाटा होता. तिने चालता चालता कुड्याची एक फांदी मोडली आणि त्या फाट्यावर आडवी ठेवून दिली. मग पुढे चालू लागली. मी रोज त्या जंगलात फिरत होते, अशा फांद्या शंभरदा ओलांडल्या होत्या. पेंटरभाऊ मात्र थांबले, वाकले आणि फांदी उचलून बघू लागले.

"ठेव खाली," ती मागे न वळता म्हणाली. "मांगून येनाऱ्याले कसं समजन?"

"का समजन?"

"इकडून जाऊ नोको म्हनून. मधमाशा उठल्या हायेत तिकडे."

"हे कोनी बी ठेवते का?"

"ज्याले दिसलं तो ठेवते."

"आन सुकली तं?"

ती थांबली. इतका सोपा प्रश्न तिला कोणी विचारला नसावा. "सुकली तं जुनी गोष्ट झाली ना. हिरवी हाये तं आजची हाये."

पेंटरभाऊंनी फांदी होती तशी ठेवली. ठेवून झाल्यावर पुन्हा जरा सरळ केली.  घरी आल्यावर काकी म्हणाली, "भाजी?" तेव्हा त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तीच पिशवी घेऊन उठली.

पुढची पाटी त्यांनी एका दिवसात केली. पांढरा पत्रा, त्यावर काळ्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत 'वाघ'. बाकी मजकूर नाही, चित्र नाही. अक्षरं अगदी साधी. फक्त वर शिरोरेषा नव्हती. व ची काडी, काना आणि घ ची काडी अशा तीन उभ्या काड्या आभाळाकडे तोंड करून सुट्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक लांब वाकडा खिळा.

मी बघत राहिले. शब्द वाचता येत होता आणि येतही नव्हता. रेघ गेली की ओळखीची अक्षरं किती परकी होतात हे मला त्या दिवशी कळलं. बाजाराच्या दिवशी एकमेकांना न ओळखणारी तीन माणसं एका झाडाखाली उभी असावीत तशी ती दिसत होती.

"रेघ?" मी विचारलं.

"रेघ तुमी देजा. तो फिरून राह्यला असन तं हिरवी फांदी टाकजा खिळ्यावर. नसन तं काढून घेजा. वाचनाऱ्याले शब्द पुरा दिसन. न वाचनाऱ्याले फांदी दिसन. आन दोघायले दुरूनच दिसन, थांबा लागनार नाई."

मग म्हणाले, "आन तो नसताना त्याचं नाव बी पुरं नाई."

ते पारबताबाईला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "असं असन तं राहू दे."

साहेबांकडे मी पुन्हा गेले. त्यांनी सगळं ऐकलं, पेन फिरवलं आणि म्हणाले, "नियमाची पाटी आहे तिथेच राहील. तिच्याखाली काय लटकवलंय ते मी बघितलेलं नाही." मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "मागच्या वेळी बघितलं, तेवढं पुरे झालं."

हंगाम सुरू झाला. रोज दिवस मावळायच्या आत मी झाडांना बांधलेले खात्याचे कॅमेरे आणि नाल्याकाठची माती बघायचे, ठसे ताजे असले तर फांदी टाकायचे, नसले तर काढायचे. पहिल्या आठवड्यात बायका फांदी बघून थांबायच्या, आपसात बोलायच्या, दोन-तीन जणी तरी पुढे जायच्या. पारबताबाई जात नसे. मग त्याही जाईनाशा झाल्या. फांदी असली की त्या दिवशी गावाजवळची झाडं, नसली की आतली.

मग तो दिवस आला. बीटच्या दुसऱ्या टोकाला वणवा लागला. मी आणि मजूर दुपारपासून रात्रभर तो विझवत होतो, आणि नाल्याकाठची माती बघायला मी गेलेच नाही. उजाडायच्या सुमारास आग आटोक्यात आली तेव्हा आठवलं. आदल्या दिवशी फांदी नव्हती. म्हणजे आज पाटी बायकांना सांगत होती, रस्ता मोकळा आहे. आणि ते मी बघून सांगितलेलं नव्हतं. मी मोटरसायकल कशी चालवली ते आठवत नाही. सारखं एकच डोळ्यापुढे येत होतं: पाटी होती का, होती, फोटो आहे.

दुफाट्याच्या वळणावरून पाटी दिसली. शब्द पुरा होता.

तिन्ही खिळ्यांवर जांभळाची ताजी फांदी होती. मोडलेल्या जागी अजून ओल होती. खाली धुळीत बायकांची पावलं पाटीपर्यंत आलेली आणि तिथूनच मागे फिरलेली. पाटीच्या पलीकडे, डाव्या वाटेवर, मोहाच्या झाडांकडे जाणारे पंजे. इतके ताजे की कडा ढासळल्या नव्हत्या.

गावात गेले तर सगळ्या पारबताबाईच्या ओट्यावर बसलेल्या, रिकाम्या टोपल्या पुढ्यात. मला बघून ती म्हणाली, "कुठी होत्या जी तुमी?"

"आग लागली होती."

"तोंड पाहून समजते. धुवा आधी." मग म्हणाली, "मले मातीत दिसला. मंग मीच टाकली."

संध्याकाळी पेंटरभाऊ माझ्याबरोबर गावात आले. मला वाटलं, ते खूश होतील. त्यांना फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

"बुडखा कोन्या बाजूले ठेवला होता?"

"कशाचा?"

"फांदीचा. जाड बाजू कुठी, शेंडा कुठी?"

"हा मानूस बरा हाये ना जी?" तिने मला विचारलं. मग त्यांना म्हणाली, "जिकडे तो गेला तिकडे शेंडा. बुडखा इकडे. असंच ठेवतेत."

पेंटरभाऊंनी हवेत एक रेघ ओढली, जाडीने सुरू होऊन टोकाला बारीक होत गेलेली. पुन्हा ओढली. घरी येईपर्यंत त्यांचं बोट हवेत चालूच होतं. "ब्रशाची रेघ बी अशीच पडते," ते म्हणाले. "आधी जाड, मंग बारीक. मी एवढे वर्स दोन्ही टोकं सारखे करत बसलो."

त्या हंगामात आणि त्यानंतरच्या दोन हंगामांत त्या वाटेवर कोणाला काही झालं नाही. फांदी ठेवायचं काम हळूहळू माझ्याकडून गावाकडेच गेलं. ज्याला दिसलं, तो ठेवायचा. पारबताबाईची जाऊसुद्धा एकदा पाटीपर्यंत येऊन गेली, चांगल्या हाताने फांदी ठेवून.

माझी बदली झाली तेव्हा न्यायला बाबाच आले. सामान टेम्पोत चढवून झालं. पेंटरभाऊ आतून जुन्या पेपरात गुंडाळलेली पाटी घेऊन आले. तीन वर्षं बघून झालेलं माझं नाव. बाबांनी हात पँटला पुसले आणि पेपर सोडला. बोट लावून एकेक अक्षर जुळवू लागले आणि पहिल्याच अक्षराला अडखळले. पुन्हा सुरुवात केली. मग मान वर करून अगदी संकोचाने म्हणाले, "भाऊ, रेघ राह्यली वाटते."

"राह्यली नाई. ठेवली." पेंटरभाऊंनी पांढऱ्या रंगाची वाटी आणि ब्रश त्यांच्यासमोर धरला. "तुमी द्या."

बाबा मागे सरकले. "माह्या हातानं? खराब होईन ना जी."

"तुमची पोरगी बरोबर सांगत होती. रेघ मंगच येते. अक्षरं मी उभे केले, पन ह्यायच्यावर रेघ माह्या हातची नाई शोभत."

काकी दारात उभी होती. ती म्हणाली, "द्या जी बाबा. नाई तं हा मानूस टेम्पो जाऊ देनार नाई."

बाबा खाली बसले. पाटी मांडीवर घेतली. आयुष्यभर घमेलं उचललेल्या त्या हातात ब्रश काडीसारखा दिसत होता. त्यांनी श्वास धरला आणि डावीकडून रेघ सुरू केली. पहिल्या अक्षरावर जाड, दुसऱ्यावर जाड. तिसऱ्यावर त्यांचा श्वास सुटला आणि रेघ जराशी खाली आली. मग सावरून चौथ्यावर गेली आणि बारीक होत संपली. बी.ए.पर्यंत रंग पुरला नाही. त्यांनी पुन्हा ब्रश बुडवला आणि तेवढी वेगळी दिली.

पेंटरभाऊ पाटीकडे बघत होते. ती वाकडी झालेली जागा त्यांनी बोटाने दाखवली, हात न लावता. "हे कोनाले बी जमनार नाई," ते म्हणाले.

पाटी माझ्या क्वार्टरच्या दाराला आहे. येणारे जाणारे कधी म्हणतात, रेघ वाकडी पडली, दुरुस्त करून घ्या. मी त्यांना आत बोलावते, चहा देते. पहाटे निघताना दार ओढून घेते आणि रोज एकदा ती पाटी बघते. वाचत नाही.